मागच्या पायरीवरचं ताट

विरजणापुरतं दही घरात उरलं नव्हतं, म्हणून मुक्ता उन्हं कलताना बनुआत्याच्या वस्तीवर गेली, आणि तिथून हे सगळं उघडं पडलं. गेली नसती तर कळलं नसतं. कळलं नसतं तर काय झालं असतं, ते मात्र दिवा लागल्यावर बोलू नये.

दिवस लढाईचे होते. रॉकेल रेशनवर, आणि तेही हातात पडेल तेव्हा खरं. देवळाली प्रवरेच्या अलीकडं उसाच्या रानातून पाट वाहतो, त्याच्या भरावावर सरकारी चौकी होती. दोन खोल्या, दगडी भिंती, वर पत्रा. म्होरलं दार गाडीवाटेवर उघडायचं आणि मागलं दार पाटावर. मागल्या दाराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. मुक्ताचा नवरा सहादेव तिथं पाटकरी होता. कुणाच्या उसाला पाणी सोडायचं, कुणाची चारी बंद करायची, हे त्याचं काम. खांद्यावर फावडं टाकून दिवसभर पाटाच्या कडेनं फिरायचं.

नोकरी लहानच, पण मुक्ताला ती राज्यासारखी वाटली. सासरच्या घरी सासू, जावा, वर एक आत्तेसासू कोपऱ्यात बसून डोळे लावलेली. दिवसाउजेडी नवऱ्याकडं मान वर करून बघायची सोय नव्हती. त्याला जेवायला बोलवायचं तर मांजराला सांगायचं, भाकरी झाल्यात गं मने, आणि त्यानं ते ऐकून मुकाट येऊन बसायचं. लग्नाला वर्षं उलटली तरी दोघं एकमेकांना आवाजानंच जास्त ओळखत होती.

चौकीत आल्यावर मात्र तोंडं मोकळी झाली. सांज झाली की सहादेव काम उरकून पाटाच्या कडेकडेनं यायचा, मागल्या पायरीवर पाय धुवायचा, आणि मुक्ता ताट घेऊन तिथंच येऊन बसायची. नवऱ्याआधी बायकोनं जेवू नये, तो जेवून उठला की त्याच्याच उष्ट्या ताटात आपलं वाढून घ्यावं, ही घरची रीत. ती सहादेवानं पहिल्याच सांजेला मोडली. म्हणाला, इथं सासू न्हाई का सासूची सावली न्हाई, बस शेजारी. तेव्हापासून एक ताट आणि दोघांचे हात. जेवण झालं की मुक्ता विडा करायची, वर लवंग टोचायची, आणि लग्नात नवरा-नवरीला विडा तोडायला लावतात तसा अर्धा त्यानं तोडायचा, अर्धा हिनं. दोघांचे ओठ सारखेच लाल. मग ती पदरानं तोंड पुसत बसायची, की वाटेनं कोणी आलं तर काय म्हणेल.

एक रीत तेवढी तिनं सोडली नव्हती. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नसे. सहादेव किती चिडवायचा, इथं कोण ऐकतंय, एकदा घे की. ती ओठ मिटून हसायची. तिनं त्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. त्याचीही मजाच झाली होती. चुलतीनं तिला चांगला लांबलचक उखाणा शिकवला होता, गंगा-गोदावरी, चंद्र-सूर्य, सगळं त्यात होतं. पण नवरीला सकाळपासून उपास, लग्न लागायला उशीर, आणि बायांनी अडवल्यावर मुक्ताला एक शब्द आठवेना. शेवटी तोंडाला आलं ते बोलून गेली:

'हळद लागली अंगाला, कुकू लागलं बोटाला, सहादेवरावांचं नाव घेते, सकाळधरनं अन्न न्हाई पोटाला.'

मांडव हसून हसून लोळला. सहादेवानं तिथल्या तिथं लाडू मागवून तिच्या हातावर ठेवला होता. पुढं कधी ती रुसली की तो बारीक आवाजात म्हणायचा, अन्न न्हाई का पोटाला? आणि रुसवा संपायचा.

चौकी ताब्यात घेतली त्या दिवशी जुना पाटकरी पुंजाराम किल्ल्या द्यायला थांबला होता. हा गडी जन्मभर सडा राहिला, चौकीत एकटा म्हातारा झाला. त्यानं मुक्ताला चूल दाखवली, पाणी कुठून भरायचं ते दाखवलं, आणि जाता जाता सहादेवाला बाजूला घेऊन म्हणाला, "सांजचं पाटावर कुनी नावानं हाक मारली, तर ओ देऊ नको. नावानं हाक मारील ते घरचं मानूस न्हवं."

सहादेव म्हणाला, "आमच्या घरचं मानूस तर नाव घेतच न्हाई."

पुंजारामानं मुक्ताकडं एकदा बघितलं. "मग बरं हाय," म्हणाला, आणि गेला.

दिवाळी झाली, थंडी पडली. पाण्यावरून वारं झोंबायला लागलं तशी मुक्तानं बैठक आत चुलीपाशी नेली. मागल्या दाराला ती दुपारीच आतून कडी घालायची, आणि सहादेव सांजचा म्होरल्या दारानं घरात यायचा. रॉकेल पुरवायचं म्हणून कंदील अगदी अंधार पडेस्तोवर लावायचा नाही. चुलीच्या उजेडात जेवण व्हायचं. आताशा तो कमी जेवतो, एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं. भाकरी चतकोर मोडायचा आणि हात धुवायचा. अंगानं वाळत चालला होता. उसाच्या पाण्यावरून लोक भांडत असतील, तो घोर असेल, असं तिनं मनाशी धरलं.

तर असे दिवस चालले असताना मुक्ता दही आणायला बनुआत्याकडं गेली.

बनुआत्या एकटी म्हातारी, शेळ्या राखायची, पाटाच्या पल्याड तिची खोपटी होती. जिभेला हाड नाही. तिनं मुक्ताच्या गडव्यात दही घातलं आणि डोळे मिचकावून म्हणाली, "तुमचं बाई बरं हाय. येवढ्या गारठ्यात बी पायरी सुटंना."

मुक्ताला समजलं नाही. ती नुसती हसली.

"शेळ्या घेऊन येताना बघती की मी. घास काय भरवतीस, विडा काय तोडताय. आमचं मानूस मरून गेलं, पन त्याच्या दाढीला तीळ हुता का न्हवता ते मला अजून सांगता यायचं न्हाई."

"कवा बघितलं, आत्या?"

"कवा म्हंजी? काल. परवा. रोजच बघती."

मुक्ताच्या हातातला गडवा थंडगार झाला. दिवाळीपासून ती त्या पायरीवर बसली नव्हती. पण असलं काही परक्या बाईपुढं कबूल करायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या कपाळाला काळं फासायचं. ती म्हणाली, "व्हय, बसतो कवामवा," आणि निघाली. वाटेत दही हिंदकळून लुगड्यावर सांडलं, तेही तिला घरी आल्यावर दिसलं.

त्या सांजेला सहादेव म्होरल्या दारानं आत आला आणि चुलीपुढं बसला. जाळ मोठा झाला तसं तिनं त्याचं तोंड बघितलं. त्याचे ओठ लाल होते.

तिनं ताट वाढलं. त्यानं चतकोर खाल्ली, हात धुतला, आणि विड्याची वाट बघत बसला. तिनं विडा केला, पण आपला अर्धा तोडला नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग मुक्ताचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिकडं गुऱ्हाळ सुरू झालं होतं, ऊस तोडायला लांबलांबून बाया आल्या होत्या. त्यातली कोण? का चारीपलीकडं राहते ती, नवऱ्यानं सोडून दिलेली? तो आंघोळीला गेला की ती त्याचा सदरा नाकाशी धरायची. बाईच्या डोक्याच्या तेलाचा वास यावा, घामाचा यावा, काही यावा. यायचा तो शेवाळाचा. ओल्या दगडाचा. खूप दिवस झाकून ठेवलेल्या भांड्याचा. पानाची चंची तिनं आपल्या उशाखाली ठेवायला सुरुवात केली. पानं तशीच असायची, आणि तो रोज लाल ओठांनी यायचा.

दिवसा पाणी आणताना, भाकरी थापताना, एकच विचार. ही बाई असेल ती असेल, पण हे घर आपलं राहणार नाही. सवतीला इथं आणून बसवील आणि आपल्याला परत त्या कोपऱ्यात धाडील, मांजराशी बोलायला. माहेरी तरी काय तोंडानं सांगायचं? नवऱ्यानं मला एका ताटात जेवू घातलं होतं आणि आता दुसरीला घालतो?

शेवटी एका सांजेला तिला राहवलं नाही. तो आत आला, बसला, आणि तिनं भाकरीचा हात थांबवून विचारलं, "कोन हाय ती?"

"कोन कोन?"

"मागल्या पायरीवरची."

सहादेव हसला. मनापासून हसला, हेच तिला जास्त लागलं. म्हणाला, "तूच की."

मुक्तानं भाकरी तव्यावर आपटली. त्याला वाटलं ही लाडात आलीय. तो आपला बोलत सुटला. म्हणे, आपून तर इचारनारच हुतो, तुझं काय चाललंय ते कळंना. मागल्या दारी ताट घेऊन येतीस, एक शब्द बोलत न्हाईस, घासावर घास भरवतीस. मग मी म्हनतो चल आता आत बसू, तर ताट उचलून आत जातीस, दार लावतीस. मी वळसा घालून फावडं ठेवून म्होरनं येतो तर हितं कपाळाला आठ्या. मागल्या दारी गोड, म्होरल्या दारी तिखट. दोन बायका केल्यावानी वाटतंय बघ.

मुक्तानं भाकरी उलटली. एवढं तोंडावर खोटं बोलणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला होता.

"फकस्त डाव्या हातानं भरवू नको," तो म्हणाला. "ते बरं दिसत न्हाई."

ती त्या सांजेला जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं. आज डोळ्यांनी बघायचं. बघायचं, आणि त्या बाईच्या झिंज्या धरून तिला पाटात बुडवायची, मग पुढं जे व्हायचं ते होवो. दुपारीच तिनं भाकरी करून ठेवल्या, कालवण करून ठेवलं, मागल्या दाराची कडी हातानं ओढून बघितली. दिवस बुडायला आला तशी चूल विझवली, म्होरलं दार ओढून घेतलं, आणि वळसा घालून भरावावरच्या बाभळीमागं जाऊन बसली. घरात कोणी नाही, याची तिला खात्री होती. तिथूनच तर ती निघाली होती.

गुऱ्हाळाचा धूर खाली बसत होता. पाटाचं पाणी आधी तांबडं झालं, मग राखेसारखं. बेडूक ओरडत होते ते एकाएकी गप झाले. बनुआत्याच्या शेळ्यांच्या घुंगरांचा आवाज पल्याडनं आला आणि लांब गेला. मग फावडं खांद्यावर टाकून सहादेव आला. एकटाच. पायरीवर बसला, पाण्यात पाय सोडले, तोंडावर पाणी मारलं.

मुक्ता वाटेकडं बघत होती. बाई वाटेनं येणार, उसातनं येणार.

आणि मागल्या दाराची कडी आतून निघाली.

तो आवाज मुक्ताच्या ओळखीचा होता. रोज सकाळी तीच तो करायची, आधी जरा अडकणारा, मग सुटणारा. दार उघडलं. डोक्यावरनं पदर घेतलेली एक बाई ताट घेऊन बाहेर आली आणि सहादेवाच्या शेजारी बसली. अंगावर मुक्ताचं लुगडं. ते लुगडं, ज्याच्यावर दही सांडलं होतं. मुक्तानं धुतलं होतं, पण डाग गेला नव्हता. तो पदरावरचा डाग... तिथंच होता.

घरातनं चोरून नेसलीय, असं मुक्ताला वाटलं. संतापानं ती अर्धी उठली. तेवढ्यात त्या बाईनं भाकरी मोडून घास केला आणि हात पुढं केला. डावा हात. त्याच्यावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं.

मुक्तानं आपला उजवा हात वर केला आणि बघितला. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं तुळशीवृंदावन. तेच. एक पान गोंदणारणीच्या हातून वाकडं झालं होतं, तेही तसंच. फक्त त्या बाईचं डाव्या हातावर होतं. वाकून पाण्यात बघावं आणि पाण्यातल्या माणसानं हात वर करावा, तसं.

ती बाई घास भरवत होती. स्वतः एकही घास तोंडात घालत नव्हती. सहादेव खाली मान घालून खात होता, मधेच काहीबाही बोलत होता, आणि ती त्याच्याकडं बघत होती. दुसऱ्या पंगतीसाठी थांबलेलं माणूस जेवणाऱ्याचं पान कधी रिकामं होतं ते बघतं ना, तशी.

मग ती उठली. ताट उचललं. आज मात्र तिनं दार लावून घेतलं नाही. उंबऱ्यात थांबली आणि मान वळवून त्याला आत बोलावलं. सहादेव उठला.

मुक्ता पुरती उठली. अवो म्हणावं तर आवाज फुटेना. तो पायरी चढला, एक पाय उंबऱ्यात... आणि मुक्ता ओरडली. कधी नाही ते तोंडातून निघालं.

"सहादेव!"

तो जागच्या जागी थिजला. मुक्ता बाभळीमागनं धावली, पुन्हा तसंच ओरडली, सहादेव, सहादेव. त्यानं वळून तिच्याकडं बघितलं देखील नाही. कानावर हात ठेवले, आत गेला, आणि दार लावून घेतलं.

तेव्हा तिला कळलं आपण काय केलं. पाटावर सांजेला बाई नावानं हाक मारते, आणि आपल्या घरची बाई नाव घेत नाही. जी घेत नाही, ती आत त्याच्याजवळ उभी होती.

तिनं दारावर मुठी मारल्या. अवो, मी हाय, मुक्ता हाय, उगडा. आतनं सहादेवाचा आवाज आला, पण तिच्याशी नव्हे. तो कानिफनाथाचा धावा करत होता, आणि मधेच हळू, समजूत घातल्यासारखं कोणाला तरी म्हणत होता, "भिऊ नको, मुक्ते... पाटावरची हाय ती... तू वाढ."

ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

मुक्ता म्होरल्या दाराकडं धावली. तेही आतून बंद. परत मागं आली.  नाव घेतलं म्हणून दार लागलं. नाव घ्यायचीच एक जागा अशी होती की जिथं घरच्या बाईनंच ते घ्यावं. ती दाराला तोंड लावून, रडत, पण शब्द न शब्द मोकळा म्हणाली:

"हळद लागली अंगाला, कुकू लागलं बोटाला, सहादेवरावांचं नाव घेते, सकाळधरनं अन्न न्हाई पोटाला."

आत शांत झालं. इतकं शांत, की खाली पाणी पायरीला लागतंय ते ऐकू येत होतं.

मग सहादेवानं एक हुंदका दिल्यासारखा आवाज केला, आणि कडी आधी अडकली, मग सुटली.

आत तो एकटा होता. चुलीपुढं ताट होतं, त्यात शेवटचा एकच घास उरला होता. मागल्या दारापासून चुलीपर्यंत ओल्या पावलांची रांग गेली होती. परत आलेली नव्हती. लुगडं खुंटीवर होतं, जिथं मुक्तानं सकाळी टाकलं होतं तिथंच, आणि त्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं.

दोघांनी कंदील घेतला, दार तसंच टाकलं, आणि बनुआत्याच्या खोपटीत गेली. मुक्तानं बाभळीमागनं बघितलं ते आणि दार लागलं ते सांगितलं. म्हातारीनं जाळ मोठा केला, सहादेवाला घोंगडी दिली. मग म्हणाली, मी तवाच वळखायला पायजे हुतं, पोरी. व्हय म्हनलीस तवा तुझं तोंड पडलं हुतं.

तिनं सांगितलं ते असं. पाट नवा खणला होता तेव्हा चौकीत पहिला पाटकरी बायको घेऊन आला. एका सांजेला तो पाटाचं दार बघायला म्हणून गेला तो आलाच नाही. पाण्यानं नेला. बायको मागल्या पायरीवर ताट झाकून बसली. माणूस जेवल्याबिगर कसं जेवायचं? आजूबाजूला तेव्हा वस्ती नव्हती. कोणी विचारायला आलं तेव्हा ती तशीच बसलेली होती, ताट मांडीवर, वाळून काटकी झालेली. त्यानंतर चौकीत सडेच पाटकरी आले, त्यांना काही झालं नाही. जोडपं तुम्हीच पहिलं.

"ती रीत मोडत न्हाई," बनुआत्या म्हणाली. "मानूस जेवून उठला, की मग तिची पाळी. रोज ह्यो तुझ्या हातचं खायला आत यायचा, म्हून तिच्या ताटातलं ह्याचं जेवान अर्धंच ऱ्हायचं, तिची पाळी येत नव्हती. आज तू चूल विझवून भाईर गेलीस."

मुक्तानं विचारलं, "तिची पाळी म्हंजी... ती काय जेवनार?"

म्हातारीनं घोंगडीतून बाहेर आलेल्या सहादेवाच्या मनगटाकडं बघितलं. नुसतं हाड आणि कातडं.  मग जाळात लाकूड सारत विचारलं, "आन ह्यानं दार कसं काय उगडलं मग?"

मुक्तानं सांगितलं. उखाणा म्हणून दाखवला. सांगताना तिला जरा अभिमानही वाटला.

बनुआत्याचा लाकूड सारणारा हात थांबला.

"ती आत असताना म्हनलीस? मोठ्यानं?"

सहादेवानं पाटाची नोकरी सोडली. साखर कारखान्यात लागला, आणि देवळालीत भर गल्लीत एक खोली घेतली. भिंतीला भिंत, दाराला दार. शेजारी कोणी शिंकलं तर इकडं ऐकू यावं अशी. पाणी आडाचं. पाट डोळ्यांनी दिसत नव्हता. अंगावर हळूहळू मांस आलं. पण माणूस गप्प झाला होता. सांजेला दारात उभा राहायचा, उंबऱ्याच्या बाहेर, आणि म्हणायचा, "म्हन." मुक्ता आतून उखाणा म्हणायची. मग तो आत यायचा. सुरुवातीला दोघांच्याही अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. मग त्याचाही खेळच झाला. ती मुद्दाम लाजत म्हणायची, तो मुद्दाम ऐकू आलं नाही म्हणायचा, आणि शेजारणी भिंतीपलीकडं फिदीफिदी हसायच्या. परत एका ताटात जेवण सुरू झालं. विडा तेवढा मुक्तानं बंद केला होता. पानाची चंचीच तिनं घरात ठेवली नव्हती.

पुढच्या थंडीतली गोष्ट. सांज झाली होती, तिनं नुकताच कंदील लावला होता. सहादेव आत आला, हातपाय धुवून बसला. भाकऱ्या टोपल्यात होत्या. तिनं ताट वाढलं, त्यानं दोन घास घेतले, आणि मग तिच्या ध्यानात आलं, आज ह्यानं म्हन म्हटलंच नाही. दमला असेल. ती बोलणार, तेवढ्यात बाहेरून दारावर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. हळू. घरच्या माणसानं ठेवावा तसा.

"हळद लागली अंगाला... कुकू लागलं बोटाला..."

मुक्ताचाच आवाज. थोडा लाजलेला, जसा ती रोज काढायची तसा.

"...सहादेवरावांचं नाव घेते..."

सहादेवाचा घास हातात राहिला. पण तो दाराकडं बघत नव्हता. तो मुक्ताकडं बघत होता. चौकीत असताना, सदरा नाकाशी धरायच्या त्या दिवसांत, ती जशी त्याच्याकडं बघायची, तसा.

"तुमी आज इचारलं न्हाई," मुक्ता पुटपुटली. "म्हन म्हनला न्हाईत."

"इचारलं की," तो म्हणाला. "गल्लीच्या तोंडाला उभी हुतीस तू. तिथंच म्हनलीस."

कंदिलाची वात जरा वर आली, आणि तिला त्याचे ओठ दिसले. लालभडक. ओठाच्या कोपऱ्याला लवंगेचं फूल चिकटलं होतं.

"...सकाळधरनं अन्न न्हाई पोटाला."

शेजारच्या घरात कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं असेल, मुक्ताच.

सहादेवानं घास ताटात ठेवला आणि हात झटकला, उठणार तसा. मुक्तानं त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं.

"उठू नका," ती म्हणाली. "जेवत ऱ्हावा."

तिनं टोपल्यातनं भाकरी काढून त्याच्या ताटात टाकली. तो तिच्यावरची नजर न हटवता खात राहिला. ती संपत आली तशी तिनं दुसरी टाकली. बाहेर कोणी हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. कोणीतरी पायरीवर बसल्यासारखा पदर घासल्याचा आवाज तेवढा झाला, बराच वेळ बसायचं असलं की बाया पदर सावरून बसतात तसा.

मुक्तानं टोपल्यात हात घातला. तळाला एकच भाकरी लागली.